दोनशे सत्तेचाळीस अमावास्या

प्रबंधात लिहिलं: प्रणाली क्रमांक चार. आडत-हिशेब.
फॉक्सप्रो. ओळी नऊ हजार दोनशे. लेखक एक, मृत.
लेखकाचं नाव द्यायचं नसतं.
नाव वैजनाथ बिराजदार.
पाय पोलिओचा, लुनावर फिरायचा,
गंजगोलाईमागं रसवंतीच्या माडीवर त्याचा कॉम्प्युटर
आणि लातुरातल्या अडतीस आडतींची पट्टी
त्याच्या एकाच प्रोग्राममधून निघायची.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर.
मानधन दिवाळीनंतर, कधी होळीनंतर.
नॅकची समिती यायची म्हणून रात्री अकरापर्यंत
फायलींना लेबलं चिकटवायची,
मग घरी येऊन बिराजदार वाचायचा.
नणंद म्हणाली, "नवं काई बनवीत न्हाईस?
लोकायचं जुनंच वाचत बसतीस?"
हो. तेच माझं काम. जुनं का टिकतं ते बघायचं.

ओळ सहा हजार चारशे दहापासून
नुसत्या तारखा. एकाखाली एक. दोनशे सत्तेचाळीस.
सूत्र नाही, नियम नाही.
दोन महिने मी त्यांच्यात नमुना शोधत होते,
आलेख काढले, मार्गदर्शकांना दाखवले.
शेवटी दिगंबर मुनीम हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले,
"मॅडम, आवसेला सौदे बंद असतेत की.
काय शोधायलाव एवढं?"

शहाण्णव ते दोन हजार पंधरा.
वीस वर्षांचा अंधार एका माणसाने हाताने टाईप केलेला.
एवढं पुढचं पंचांग मिळालं कुठून?
"धर्मापुरीच्या जोशीबुवाकडं शंभर वर्साची जंत्री होती.
पोतंभर तूर दिली न् उतरवून आणलं."

शोधनिबंध तीनदा परत आला.
पहिल्या परीक्षकाला नमुना लहान वाटला.
दुसरा म्हणाला, अमावास्येची व्याख्या द्या.
दिली. तळटीप, साडेतीन ओळी,
चंद्र, सूर्य, पृथ्वी,
आणि त्या दिवशी तुरीला भाव फुटत नाही हे त्यात बसेना.
तिसऱ्याने विचारलं, याचा जगाला उपयोग काय.
बाजूच्या केबिनमधले सर पैसे भरून
महिन्याला दोन निबंध छापत होते, आधी प्रोफेसर झाले.
मी पेढा खाल्ला. चांगला होता पेढा.

तारखांच्या खाली बिराजदाराची एक टीप होती,
इंग्रजी अक्षरांत, मराठीत:
फुडचं फुडच्यानं.
तिला मी प्रबंधात "तांत्रिक कर्जाचे उदाहरण" म्हटलं,
तक्ता सात, स्तंभ तीन.
व्हायव्हात त्यावर कोणी काही विचारलं नाही.

आठ वर्षं झाली तारखा संपून.
दर आवसेला मुनीम मशीनची तारीख एक दिवस मागं नेतात,
दुसऱ्या दिवशी पुढं आणतात.
माझी विद्यार्थिनी तहनियत हे बघून हसली नाही. वहीत टिपलं.
मग म्हणाली, "मॅम, आठ ओळींत होईल. चंद्राचं गणित आहे."
मुनीम म्हणाले, "गणितावर बाजार बंद होत न्हाई, बाई. छापील पायजे."

अभ्यासाच्या वस्तूला संशोधकाने हात लावायचा नसतो,
हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवते.
जोशीबुवा नाहीत. जंत्री त्यांच्या सुनेकडे निघाली,
पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली.
तिनं तूर नको म्हटलं. मुलाला डिप्लोमाला कुठं घालावं ते विचारलं.

एका रविवारी आडतीत बसून
तहनियत वाचत गेली, मी टाईप करत गेले.
दोन अमावास्यांवर अडलो, तिथी दोन दिवसांत वाटलेली.
तिथं बिराजदार काय करायचा ते बघितलं:
दोन्ही तारखा, पुढे "समितीला विचारणे".
आम्हीही तेच लिहिलं.

एक्केचाळीस आलं, माझ्या निवृत्तीचं साल,
तेव्हा तहनियत क्षणभर थांबली.
"वाच," म्हटलं.
त्रेचाळीसपर्यंत गेलो.

त्याची ओळ मी खोडली नाही.
फक्त खाली सरकवली.